सबाच्या गाण्यावर माझा आवाज

मु. वाडी, ता. भोकरदन, जि. जालना
१२ ऑगस्ट २०२५

चि. प्रियास,
सप्रेम जय भीम.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. जानेवारीत तू मोबाईलवर एकच ओळ पाठवली होतीस, "बाबा, मधेच माईक का घेतला?" त्यानंतर तुझा नंबर बंद झाला. त्या एका ओळीला उत्तर द्यायला मला सात महिने लागले. रोज मनात लिहायचो आणि रोज खोडायचो.

तुझा पत्ता मला कुणी दिला नाही, तेव्हा कुणावर रागावू नकोस. गिरिजाआत्याच्या गुडघ्यासाठी तू कुरिअरने पट्टा पाठवलास, त्या खोक्यावर होता. आत्या ते खोकं चुलीत घालायला निघाली होती, मी हातातून ओढून घेतलं. ती म्हणाली, "पट्टा मला अन् खोकं तुला. पोरीनं वाटणी बराबर केली." पिनकोडाचा शेवटचा आकडा पाण्याने फिसकटला आहे. एक आहे की सात ते कळत नाही. मी एक धरला आहे. चुकला असेल तर हे कुणाच्या हातात पडेल, याची धास्ती आहे.

आता उत्तर. मी माईक घेतला तो सवयीने. दुसरं काही नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने एकदा लिहू दे. शाळेत शिपाई होतो, पण शनिवार-रविवार चाळीस वर्षं मी गायन पार्टीत काढली. मुख्य गायक मी कधीच नव्हतो. कोरसात बसायचो आणि नावं पुकारायचो. गाणं चालू असताना कुणी नोट आणि चिठ्ठी पुढं केली की गाणं तिथंच थांबवायचं. "अमुक गावचे तमुक यांच्याकडून पार्टीला एकावन्न रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे." मग गाणं पुढं चालू. नाव पुकारायचं राहिलं तर माणूस वर्षभर तोंड फिरवतो. एका नावावरून धावडा गावी आमच्या पार्टीवर चपला आल्या होत्या.

तर २४ जानेवारीला समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या बांधून तू भर दुपारी अंधार केलास आणि तुझी फिल्म लावलीस. पुढच्याच आठवड्यात ग्रामसभा होती. फिल्म बघून लोक पेटतील, मग तू शिकवलेली पोरं अर्ज देतील आणि शाळेच्या दोन खोल्या मोकळ्या होतील, असा तुझा हिशेब होता. त्यात चूक काही नव्हतं. अंगदरावांनी त्यांच्या पाणीयोजनेच्या ठेक्याचं सिमेंट आणि पाईप "दोन महिन्यांसाठी" म्हणून त्या खोल्यांत ठेवले, त्याला तीन वर्षं होऊन गेली. तुझ्या पोरांतल्या सबाची सगळी सातवी ओट्यावर गेली. त्या खोल्या मी एकतीस वर्षं झाडल्या आहेत. मला काय ते आवडत होतं?

पडद्यावर सबाचं गाणं सुरू झालं.

खोल्या दोन, कुलूप एक,
आत सिमेंट, बाहेर लेक.
पाऊस आला, दप्तर भिजलं,
सायेब, तुमचं पोतं न्हाई भिजलं!

तेवढ्यात अंगदराव दारात आले. हात वर, हातात नोट आणि चिठ्ठी. माझा हात आपोआप माईककडे गेला. "थांबवा, थांबवा! आपल्या गावचे दानशूर, आदरणीय अंगदराव यांच्याकडून या चित्रपटाला पाचशे एक रुपये. पार्टी त्यांची आभारी आहे!" लॅपटॉपवर तुझ्याच पोरांतला वसंता बसला होता. त्याने फिल्म थांबवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्यांना पडद्यापुढं आणलं, हार घातला, आणि ते वीस मिनिटं बोलले. "ही फिल्म माझीच आहे. शूटिंगला शाळेच्या खोल्या कुणी दिल्या? मीच ना?" लोक आधी हसले आणि नंतर त्यांनी टाळ्याही वाजवल्या. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, "फिल्म अंगदरावांची, अन् अर्ज त्यांच्याच विरोधात? पोरांनो, आधी ठरवून या." विषय तिथंच संपला.

त्याची कुणीतरी रील केली. खाली सबा गाते आहे आणि वर मी ओरडतो आहे. ती मी एकदाच पाहिली. माझ्याच तोंडाची मला शिसारी आली. लोकांनी खाली तुझ्याबद्दल जे लिहिलं ते आत्याने वाचू दिलं नाही.

पुन्हा लिहितो, सवयीने झालं. खोल्यांना अजून कुलूप आहे. खिडकीतून बघितलं, पोती ओल लागून दगड झाली आहेत. आता ती कुणाच्या कामाची नाहीत, तरी कुलूप आहे.

आज अंगारकी, राजूरच्या गणपतीला पाय ठेवायला जागा नसेल. पत्र उद्या टाकीन. तुझा खोकला कसा आहे?

तुझा बाप,
देवानंद

२१ ऑगस्ट २०२५

चि. प्रिया,

पत्र मिळालं का? पोस्टमन म्हणतो, पुण्याला चार दिवस लागतात. आज आठवा दिवस आहे. पिनकोड सात असावा. हे सात घालून टाकतो आहे. दोन्ही मिळाली तर बापाला वेड लागलं समज.

देवानंद

२९ ऑगस्ट २०२५

चि. प्रियास,
जय भीम.

दोन्ही पत्रं परत आली नाहीत, म्हणजे एखादं तरी पोचलं असावं. तू वाचून गप्प बसली असशील तर तो तुझा हक्क आहे. पण आज गप्प राहण्यासारखं नाही.

काल दुपारी सबा आणि तिचे अब्बा ख्वाजामियाँ घरी आले. ख्वाजामियाँच्या अंगावर गादीचा कापूस तसाच होता, काम टाकून आले होते. मी चहा ठेवायला सांगितला तर म्हणाले, "चाय रहने दो देवानंदभाई. पहले ये लडकी का सुनो. मेरा तो दिमाग काम नै करता."

गोष्ट अशी आहे. १४ सप्टेंबरला अंगदरावांचा वाढदिवस. चौकात स्टेज, डीजे आणि वर "युवा रॅप महोत्सव". हो, रॅप! ज्या पोरांना तू दहा महिने शिकवलंस, त्यातली चार त्यांनी उचलली. वसंता तर त्यांच्या गाडीतच फिरतो. केस पिवळे केले आहेत, डोक्यावर करडईचं शेत उगवल्यासारखे. परवा पारावर म्हणून दाखवत होता:

भाऊ एक, फॅन लाख,
दुश्मनांची करतो राख!

मला ओकारी आली. तू शिकवायला आलीस तेव्हाही मला हे रॅप आवडलं नव्हतं, मी लपवत नाही. दम लागलेला माणूस भांडतो आहे असं वाटायचं. तोंडाने ढोलकी वाजवताना पोरांची थुंकी माझ्या हातावर उडायची. पण तू म्हणायचीस, आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगा, कुणाची वाट बघू नका. त्या पोरांनी खरंच सांगितली. वसंताने त्याच्या बापाच्या दारूवर आठ ओळी लिहिल्या होत्या आणि त्या ऐकून त्याचा बाप उठून गेला होता. तोच वसंता आता राख करतो आहे. कुणाची राख? याला अंगणातला उकिरडा पेटवता येत नाही.

आता त्यांना सबाची चाल हवी आहे. चाल तीच, शब्द त्यांचे. रीलमुळे ती चाल गावोगाव गेली आहे ना! ख्वाजामियाँना निरोप आला, पोरीला आणा, मानसन्मान होईल. नाही आणली तर? निरोप आणणारा नुसता हसला म्हणे.

सबा कोपऱ्यात उभी होती. मी म्हणालो, "बस की बेटा."

"बैठने को नै आई चाचा. प्रियादीदी का नंबर दो."

"माझ्याकडंच न्हाई."

"बेटी का नंबर नै तुमारे पास?" तिने ख्वाजामियाँकडे बघितलं. मग मला म्हणाली, "उनो बोले थे, ये गाना तेरा है, किसी को देना नै. फिर उनो खुदच चले गए. अब मैं किसको पूछूँ? वो रील में तुमारी आवाज मेरी आवाज के उप्पर है. सब लोगां समझते, मैं अंगदसाब के वास्ते गा रई थी."

आत्या आतून म्हणाली, "पोरी, तू न्हाई म्हण, अन् घसा बसला म्हण. बाईच्या जातीला घसा कामी येतो."

ते गेल्यावर मी जेवलो नाही. एक सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगतो. पहिल्या पत्रात मी सवय म्हणालो. पण अंगदराव येणार हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं. तातेरावाच्या सलूनमध्ये ते शेजारच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "काका, उद्या तुमच्या प्रियाचा पिच्चर हाय म्हणं. मी येऊन राह्यलो. माझं नाव घ्याल न्हाई तुमच्या त्या जुन्या आवाजात? तसा आवाज आता कुणाचा राह्यला?" तातेरावाने वस्तरा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "घेऊ की." मला बरं वाटलं. तुला घरी येऊन सांगितलं नाही. आता लिहिताना हात धुवावासा वाटतो.

पण प्रिया, थोडी चीड तुझीही येते, ती लिहिली नाही तर हे पत्रही खोटं होईल. माझ्यावर रागाव. जन्मभर रागाव. पण सहा पोरांनी तुझं काय केलं होतं? तू त्यांना उभं राहायला शिकवलंस आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत घालून एस.टी.ला बसलीस. वसंता स्टँडपर्यंत आला होता, तू त्याच्याशी बोलली नाहीस. "त्यानं फिल्म थांबवली," म्हणालीस. अगं, त्याला थांबव कुणी म्हटलं होतं? त्यानंतर महिनाभराने तो त्यांच्या गाडीत बसला. अंगदरावांनी पोरं पळवली नाहीत, ती रस्त्यात पडलेली होती, त्यांनी उचलली.

रागावून लिहिलं. फाडणार होतो, पण कागद संपले आहेत.

देवानंद

१६ सप्टेंबर २०२५

चि. प्रियास,
जय भीम.

परवा वाढदिवस झाला. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

अंगदरावांचा माणूस आठ दिवस आधी माझ्याकडे आला होता. नावं पुकारायला मी पाहिजे. बेचाळीस नावांची छापील यादी दिली. मी हो म्हणालो. आत्याने ताट आपटलं. "थू तुझ्या जिनगानीवर," म्हणाली. मी तिला सांगितलं नाही की माझ्या मनात दुसरंच आहे.

चौकात सगळीकडे फ्लेक्स, एकाच माणसाचे. हात जोडलेले, फोनवर बोलणारे, गॉगलमधले. जेसीबीच्या तोंडातून फुलं टाकली. तलवारीने केक कापला, चार हात लांब. पोरांनी तो खाल्ला कमी आणि एकमेकांच्या केसांना जास्त चोळला. खाली पडलेला कुत्री चाटत होती आणि त्या कुत्र्यांवर पोरं स्प्रेचा फेस मारत होती. मी शाळेत पोरांना खिचडी वाटलेली आहे, खाली सांडलेला दाणा उचलायला लावलेला आहे. मला तिथं उभं राहवेना. एवढी किळस मला मेलेल्या जनावराची आली नाही.

सबा नव्हती. तिने घसा बसला म्हणून निरोप दिला होता.

माझी पाळी आली. यादी एका हातात, माईक दुसऱ्या. मी यादी खिशात घातली आणि बोललो, "मंडळी, जानेवारीतली ती फिल्म अंगदरावांची न्हाई. ती माझ्या पोरीची हाय, अन् गाणं ख्वाजामियाँच्या सबाचं हाय. शाळेच्या खोल्यांत सिमेंट कुणाचं हाय..."

पहिल्या वाक्याला पुढच्या रांगेतली दोन-चार माणसं वळली. दुसऱ्या वाक्याला स्टेजवरून कुणीतरी डीजेकडे बोट फिरवलं. डीजेवर वसंता होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मग त्याने आवाज वाढवला.

मी बोलतच राहिलो. किती वेळ ते कळलं नाही. छातीत डीजेचा धक्का बसत होता आणि माझा आवाज माझ्याच कानात येत नव्हता. लोक माझ्या तोंडाकडे बघून हसत होते. त्यांना वाटलं, काका गाणं म्हणत आहेत. एक जण वर आला, "काका, नाचा!" म्हणाला आणि त्याने केकचा गोळा माझ्या तोंडाला फासला. अंगदरावांनी माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. तो फोटो सगळीकडे फिरला आहे. तुझ्यापर्यंत आला असेल तर आता कळलं असेल, मी हसत नव्हतो.

घरी आलो तर आत्याने मिशीतून तो केक निपटून काढला. हुंगून म्हणाली, "साधा डालडा हाय. एवढा मोठा माणूस अन् डालडा!"

त्या स्टेजवर मला एक गोष्ट कळली, ती इतक्या महिन्यांत कळली नव्हती. तीच तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. सवय खोटी नाही. सलूनमधली गोष्टही खोटी नाही. पण ते पूर्ण नाही.

फिल्मसाठी तू तीन दिवस माझं गाणं रेकॉर्ड केलं होतंस. मी पार्टीचा काळा कोट पेटीतून काढून इस्त्री केला होता. चाळीस वर्षं कोरसात गेली, पहिल्यांदा कुणीतरी एकट्याचा आवाज घेत होतं, आणि ती माझी पोरगी होती. त्या दुपारी मी फिल्म बघत होतो ती माझा आवाज कधी येतो म्हणून. माझा हात आला, शाळेची घंटा वाजवताना. मोजून चार सेकंद. आवाज नाही. सबाचं गाणं लागलं तेव्हा ओळखलं, आता शेवट आला, मला काढून टाकलं आहे. तेवढ्यात दारात ती चिठ्ठी दिसली. मी माईक घेतला, कारण मला तिथं माझा आवाज ऐकायचा होता. अंगदराव निमित्त झाले. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या गाण्यावर मी म्हातारा जळलो. हे लिहायला मला चार पत्रं लागली.

तू मला का काढलंस ते विचारत नाही. फिल्म लांबत असेल.

काल सबा आली. मला वाटलं, मी तिच्यासाठी एवढ्या लोकांत बोललो, ती दोन शब्द बरे बोलेल. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "चाचा, फिर माईक तुमीच लिए ना?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच घेतला, बेटा."

"मेरे वास्ते था तो मेरे कू पूछते. मैं घर पे थी. घसा बैठा नै था मेरा."

आत्या हसली. मला हसू आलं नाही. पोरगी खोटं बोलत नव्हती.

मग ती कामाचं बोलली. तिने अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला आहे. अकरा पोरांच्या सह्या आहेत. त्यात एक सही वसंताची आहे, ती त्याने न वाचता केली की पश्चात्तापाने, मला माहीत नाही. परवाचा डीजे झाल्यावर तो स्वतःहून तिच्या घरी गेला होता, एवढंच ती म्हणाली. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत फिल्म पूर्ण दाखवायची आणि मग अर्ज द्यायचा, असं तिने ठरवलं आहे. पण फिल्म तुझ्याकडे आहे. आमच्याकडे आहे ती फक्त ती रील. आणि ख्वाजामियाँ म्हणतात, "प्रियाबेटी खुद आके बैठती तो मैं लडकी को खडी रहने देता. नै तो गाना-वाना बंद. मेरे कू इसकी शादी करनी है." ते वाईट नाहीत. घाबरलेले आहेत, माझ्यासारखेच.

विषय पत्रिकेवर घ्यायचा तर अर्ज शुक्रवारी, २६ तारखेला दुपारपर्यंत ग्रामसेवकाच्या हातात पडला पाहिजे. नंतर दिला तर म्हणतील, पुढच्या सभेला बघू. पुढची सभा जानेवारीत. तोपर्यंत सबा गावात असेल की कुणाच्या घरी भाकरी थापत असेल, याची खात्री मी देत नाही.

तू आलीस तर मी समाजमंदिरात पाय ठेवणार नाही. घरीही येऊ नकोस वाटलं तर, ख्वाजामियाँकडे उतर. त्यांच्याकडे गाद्यांना तोटा नाही. यायला जमत नसेल तर फिल्म पाठव आणि ख्वाजामियाँशी फोनवर बोल. तेही नको असेल तर नाही म्हण, पण पोरीला म्हण. तिला अर्धवट सोडू नकोस.

या कागदाच्या मागे सबाने तिच्या हाताने नंबर लिहिला आहे. माझा लिहिलेला नाही. पत्र मिळताच फोन कर, लवकर कर, शुक्रवारच्या आत कर. मला करू नकोस, तिलाच कर.

तुझा बाप,
देवानंद